सासूबाईंचं घंगाळ आणि अशोकाचा दगड

"या घरात माणसांनी राहायचं की भांड्यांनी?"

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे हा प्रश्न दिवसातून एकदा तरी निघायचाच. विचारणारी मी आणि गप्प बसणाऱ्या सासूबाई. आमचे हे तेवढ्यापुरतं वर्तमानपत्र उघडून बसत.

त्याचं असं झालं. कल्याणला आमचा जुना वाडा होता. वाडा म्हणजे काही सरदारी थाटाचा नव्हे. मधे चौक, भोवती सात बिऱ्हाडं, मागे विहीर, एवढाच. तो पाडून तिथे इमारत उठवायचं ठरलं, तशा सासूबाई डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आल्या. त्या आल्या आणि त्यांच्यामागून टेम्पोतून तीन पोती आली. त्यांत घंगाळ, परात, दोन हंडे, कळशी, चरव्या, तपेली, ओगराळं, ताम्हनं आणि लोट्या-तांब्यांची तर गणतीच नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात मी ओट्यापाशी उभी राहिले की फ्रिजचं दार पुरतं उघडत नाही. तिथे हे घंगाळ ठेवायचं कुठे? पोती गॅलरीत गेली आणि गॅलरीतले वाळत घातलेले कपडे घरात आले.

शेवटी एक दिवस मी बाजारात जाऊन मोडीचा भाव काढून आले. तांबं-पितळ देऊन नवी स्टीलची भांडी आणि वर थोडी रोख, असा सौदा होता. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे हवं तर. तुझंच घर आहे."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना त्याचा अर्थ मी सांगायला नको!

चार ओळींचा इतिहास

त्याच आठवड्यात धाकटीला शाळेतून सुट्टीचा अभ्यास मिळाला. 'माझ्या गावाचा इतिहास' या विषयावर दोन पानं लिहायची होती. सातवीतली पोरगी. तिनं अर्ध्या तासात वही माझ्यापुढे ठेवली. लिहिलं होतं, 'डोंबिवली हे मुंबईचे उपनगर आहे. येथे लोकलला खूप गर्दी असते. येथील लोक कामासाठी मुंबईला जातात. रात्री परत येतात.' खाली सुबक रेघ मारून निबंध संपला होता.

मला हसूही आलं आणि कुठेतरी लागलंही. कारण मी लिहायला बसले असते तर मलाही पाचवी ओळ सुचली नसती. लग्न होऊन मी या भागात आले त्याला सतरा वर्षं झाली. स्टेशन, भाजीबाजार, शाळा, दवाखाना सगळं पाठ झालं. पण हे गाव आपल्या आधी कोणाचं होतं, इथे काय होतं, हे कधी कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "कल्याण बंदर होतं म्हणावं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, खाडीत गलबतं लागायची."

मग ठरलं, सुट्टीत एक दिवस मुंबईचं संग्रहालय पाहायचं. पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सासूबाई आपणहून म्हणाल्या, "मीही येते. लग्नानंतर एकदा गेले होते. भुसा भरलेला वाघ पाहिल्याचं तेवढं आठवतंय." त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून मी जरा कचरले, पण तीन पोत्यांवरून आधीच घरात तंग होतं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

घुमटाखाली

ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, साडेनऊनंतरची गाडी धरली. सी.एस.एम.टी.ला उतरून टॅक्सीनं काळा घोडा गाठला. नारळांच्या आणि इतर झाडांच्या मधून तो मोठा घुमट दिसला तेव्हा धाकटी म्हणाली, "हे देऊळ आहे की मशीद?" तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञानं ही इमारत बांधताना विजापूरचा गोलघुमट डोळ्यांपुढे ठेवला आणि राजस्थानी वाड्यांतल्यासारखे झरोकेही काढले. दगड मात्र आपल्याच आसपासचा. कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर.

पायाचा दगड बसला १९०५ साली. इमारत १९१४ साली पुरी झाली आणि त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. मग मूर्तींऐवजी आधी इथे जखमी शिपायांच्या खाटा आल्या. लष्करी इस्पितळ झालं, मुलांच्या आरोग्याचं केंद्रही झालं. लोकांसाठी संग्रहालय उघडलं ते १० जानेवारी १९२२ला, गव्हर्नरसाहेबांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते.

मधल्या दालनात शिरल्यावर सासूबाई पहिल्यांदा थांबल्या त्या लाकडी कोरीवकामापाशी. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातलं ते काम संग्रहालयानं विकत घेऊन इथे बसवलं आहे. त्यांनी लांबूनच ते खांब न्याहाळले आणि म्हणाल्या, "आमच्या वाड्याच्या ओटीला असेच दोन खांब होते. साधे होते, पण होते. परवा लाकूडवाल्यानं नेले."

मी काहीच बोलले नाही.

पुढे मला एक गोष्ट नवी कळली. संग्रहालय म्हणजे सरकारनं कुठूनतरी आणून भरलेली इमारत, असा माझा समज होता. पण इथल्या कितीतरी वस्तू मुळात लोकांच्या घरांतून आलेल्या आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या दोघा भावांचे संग्रह इथे आले. १९१५ साली शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह विकत घेतला गेला. त्यात एके काळी नाना फडणिसांकडे असलेल्या वस्तू होत्या. चिनी मातीची भांडी, चित्रं, कापडं, दिवे, सगळं कोणाच्या तरी दिवाणखान्यात, देवघरात, पेटीत होतं. कोणीतरी ते जपलं, मोडीत घातलं नाही, म्हणून आज काचेआड आहे.

धातूच्या वस्तूंच्या दालनात पितळेचे दिवे आणि घाटदार भांडी पाहताना धाकटी जोरात ओरडली, "आजी, हे आपल्याकडे आहे! गॅलरीतल्या पोत्यात!" आजूबाजूचे चार लोक वळून पाहायला लागले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र त्या क्षणी कुठे पाहावं ते कळेना.

आपल्याकडचं काय आहे?

आम्ही मूर्ती पाहिल्या. घारापुरीहून आलेली सहाव्या शतकातली ब्रह्मदेवाची मूर्ती पाहिली. ती घडवणाऱ्याच्या हाताला काय सवय असेल, दगडाचं मऊ कापड करून टाकलंय! सिंधू संस्कृतीच्या वस्तूंत मासे धरायचे गळ आणि वजनं पाहिली. इराकातल्या असीरियन राजवाड्यांचे कोरलेले दगड पाहिले. ते इथे कसे, तर एकोणिसाव्या शतकात तिकडच्या उत्खननाच्या पेट्या मुंबई बंदरावरून लंडनला जात, त्यातले काही दगड मुंबईतच राहिले. बंदराच्या गावाला असं काहीबाही मिळत राहतं.

दीड तासानंतर सासूबाई बाकावर टेकल्या आणि त्यांनी सरळ प्रश्न विचारला, "हे सगळं ठीक आहे. पण आपल्याकडचं काय आहे इथे?"

खरं सांगते, त्या एका प्रश्नानं आमची सहल बदलली. तोवर आम्ही नुसत्या चालत होतो. आता शोधायला लागलो.

आणि सापडला एक दगड. दिसायला अगदी सामान्य. काळा, फुटका, त्यावर मुलांनी पाटीवर ओढलेल्या रेघोट्यांसारखी अक्षरं. पाहणारे त्याच्यापुढून थेट मूर्तींकडे जात होते. पाटी वाचली तर 'सोपारा'! सोपारा म्हणजे आपला नालासोपारा. विरारच्या अलीकडचं स्टेशन. आज ते पालघर जिल्ह्यात मोडतं, पण २०१४ सालापर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथे फार जुनं बंदर होतं. या बंदरात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकानं आपल्या आज्ञा दगडांवर कोरून लावल्या होत्या. त्यातल्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. नववीचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, जवळच्याच भुईगावात.

एवढा वेळ इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या अशा समजुतीत असलेल्या आम्हा तिघींना पुढची गंमत कळली तेव्हा आम्ही थक्क झालो. त्या नवव्या आज्ञेत राजा चक्क बायकांबद्दल बोलतो आहे!

तो म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगते. माणसं आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, बाळ जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्यं करतात. त्यातही बायका तर फारच करतात, आणि ती बरीचशी क्षुल्लक असतात. करायची तर करावीत, पण त्यांचं फळ थोडं. खरं मंगल कोणतं? तर घरच्या नोकराचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांना मान देणं, प्राण्यांना न दुखावणं आणि सत्पात्री दान करणं.

मी हे सासूबाईंना सांगितलं. नवरात्र, चातुर्मास, संकष्टी, सगळं निगुतीनं करणारी बाई. मला वाटलं, रागावतील. त्या क्षणभर दगडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अर्धं बरोबर आहे त्याचं."

"अर्धं कसं?"

"मूल तापानं फणफणतंय, वैद्य चार कोसांवर, घरात दुसरं माणूस नाही. अशा वेळी बाईनं नवस बोलायचा नाही तर काय करायचं? राजाला कुठे रात्रभर जागायचं होतं! पण चाकरमाणसाचं बोलला ना, ते सोळा आणे खरं."

आता यात मला खोचक काही ऐकू आलं असेल तर तो माझ्या मनाचा दोष. कारण त्याच सकाळी आमच्या धुण्याभांड्याच्या बाईंच्या खाड्यावरून मी दारात उभी राहून बरंच बोलले होते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा दगड नेमका माझ्याच घरातलं कसं बोलतोय, असं वाटून गेलं.

आणि आठवी आज्ञा? त्यात राजा सांगतो, आधीचे राजे मौजेखातर शिकारीला निघायचे. आपण मात्र धर्मयात्रेला निघतो, म्हाताऱ्या माणसांना भेटतो, त्यांना दान देतो. धाकटी म्हणाली, "म्हणजे हा सहलीचाच निबंध आहे की!"

कल्याणची माणसं भेटली

सोपारा सापडलं, पण सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं. "कल्याणचं?" त्या गाडीत बसल्यावरही विचारत होत्या. घरी आल्यावर मी चंगच बांधला. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. तिथे चौकशी केली, एका पुस्तकातून दुसऱ्याचा पत्ता लागत गेला. इंग्रजी मजकूर ह्यांनी शब्दकोश घेऊन लावून दिला. (वर्तमानपत्राची घडी त्या निमित्तानं बाजूला ठेवली गेली, हा आणखी एक फायदा!)

आणि काय सांगू! ज्या गावाला मी 'गाड्या बदलायचं जंक्शन' म्हणून ओळखत होते, त्याचं नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात आहे. 'पेरिप्लस' हे ते पुस्तक. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी कोणत्या बंदरात काय न्यावं, काय आणावं याची ती वाटाडी वही. त्यात लिहिलंय की कल्याण ही चांगली रीतसर पेठ होती, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे आलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ लागलं. म्हणजे बंदरांची चढाओढ तेव्हाही होतीच.

सहाव्या शतकात इजिप्तचा कॉसमस नावाचा एक व्यापारी, जो पुढे साधू झाला, कल्याणबद्दल लिहितो. तिथून काय बाहेर जातं? लाकूड, कापड आणि तांबं-पितळ! हे वाचताना माझी नजर गॅलरीतल्या पोत्यांकडे गेली, हे मी कबूल करते.

पुढे १६५७च्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्याच खाडीत मराठ्यांची जहाजं बांधायला सुरुवात झाली. दुर्गाडीवरून रोज दिसणारी ती खाडी! हळूहळू खाडी गाळानं भरली, मोठी जहाजं मुंबईच्या खोल पाण्यात थांबू लागली, १८५४ साली कल्याणला आगगाडी आली आणि बंदराचं जंक्शन झालं.

पण मला जवळची वाटली ती कान्हेरीतली माणसं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी सहलीत पाहिली असतील. शंभरावर लेणी. ती कोणी खोदवली? राजांनीच खोदवली असं नाही. भिंतींवर देणाऱ्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत. त्यात सोपारा आहे, चौल आहे, नाशिक आहे आणि आपलं कल्याण पुन्हापुन्हा आहे. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनारानं तिथे पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान केलं. आणि कल्याणच्याच दामिला नावाच्या एका बाईनं लेणं आणि पोढी दिली. सातवाहनांच्या काळातली गोष्ट, अठराशे वर्षांपूर्वीची. दामिला दिसायला कशी होती, तिला मुलं किती, सासर कुठलं, काही कळत नाही. पण ती कल्याणची होती आणि तिनं तहानलेल्यांसाठी पाणी ठेवलं, एवढं मात्र कळतं. कारण तिनं आपलं नाव कोरून घेतलं.

पिठानं वाचलेली नावं

हे मी रात्री जेवताना सांगितलं. सासूबाईंचा हात ताटातच थांबला. "म्हणजे आपण भांड्यावर नाव घालतो तसंच ना?" त्या म्हणाल्या.

तसंच! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची रीत. लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव. कोणी गेलं तर 'स्मरणार्थ' म्हणून वाटलेल्या वाट्या. आपल्या घराघरांत हे लहानसहान शिलालेखच की!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघींनी पोती उघडली. काळवंडलेल्या भांड्यांवरची अक्षरं दिसेनात. सासूबाईंनी चिमूटभर तांदळाचं पीठ घेतलं, अक्षरांवर चोळलं आणि कोरड्या फडक्यानं वरून पुसलं. पीठ खाचांत राहिलं आणि नावं पांढरी शुभ्र उमटली. धाकटी वहीत उतरून घेऊ लागली. हंडा, १९४८. चरवी, मोठ्या नणंदेकडून. परात, आजेसासऱ्यांच्या स्मरणार्थ. घंगाळावर तर आजेसासूबाईंचं नाव आणि शके घातलेलं. कोण कुठली नात्यातली, कोणाचं कोणाशी काय झालं, चार तास सासूबाई बोलत होत्या. सतरा वर्षांत त्या माझ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. किंवा मीच बसले नव्हते.

सगळ्यात शेवटी एक लहान तांब्या निघाला. त्यावर एक नाव होतं आणि खाली दुसरंच आडनाव. धाकटीनं विचारलं, "ही कोण?"

सासूबाई हसल्या. "मी."

लग्नात त्यांचं नाव बदललं. त्याला आता चौपन्न वर्षं झाली. हा तांब्या त्यांच्या आईनं लग्नाआधी घेऊन ठेवलेला, म्हणून त्यावर माहेरचं नाव. आई गेल्या, भाऊ गेले. त्या नावानं त्यांना हाक मारणारं आता कोणी राहिलेलं नाही आणि ते नाव लिहिलेलं दुसरं काहीही घरात नाही. शाळेचा दाखलासुद्धा पुरात गेला. कल्याणातच १८६५ साली जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली आणि डॉक्टर आनंदीबाई म्हणून जगाला ठाऊक झाली. तिचं पहिलं नाव पुस्तकांत तरी राहिलं. सासूबाईंचं राहिलं होतं फक्त या तांब्यावर, आणि तो तांब्या मी मोडीच्या भावानं तोलायला निघाले होते.

शेवटी काय ठरलं

सगळीच भांडी ठेवली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. डोंबिवलीच्या घरात ते जमण्यासारखं नाही हे सासूबाईंनाही कळत होतं. ज्यांवर नाव नाही आणि जी फुटकी होती ती आम्ही दोघींनी मिळून बाजूला काढली. सौद्याला दोघी मिळून गेलो. एक हंडा मोठ्या जाऊबाईंकडे गेला, एक चरवी पुण्याच्या नणंदेकडे. घंगाळ बैठकीच्या कोपऱ्यात आलं, त्यात धाकटीनं कुंडी ठेवली. परात सणावाराला कणीक मळायला निघते. गॅलरी मोकळी झाली. कपडे बाहेर गेले.

धाकटीच्या निबंधाची दोन पानांची सहा पानं झाली. पहिली ओळ तिची तिनंच लिहिली, 'माझी आजी बंदराच्या गावची आहे.'

तुम्हीही सुट्टीत संग्रहालय पाहायला जाल, तर आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

• सगळं एका दिवसात पाहायचा हट्ट नको. पाय दुखतात आणि लक्षात काहीच राहत नाही. घरूनच एक प्रश्न ठरवून न्या. 'आपल्याकडचं काय आहे?' हा प्रश्न उत्तम.

• म्हाताऱ्या माणसांना जरूर न्या. दर अर्ध्या तासानं बसा. वस्तूचा वापर काय, हे पाटीपेक्षा त्या जास्त सांगतात.

• वेळा, सुट्ट्या आणि तिकिटाचे दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. लहान मुलं असतील तर त्याच आवारात २०१९ सालापासून मुलांचं वेगळं संग्रहालयही आहे.

• मुंबईपर्यंत जायला जमत नसेल तर घराजवळ सुरुवात करा. अंबरनाथच्या शिवमंदिरात इ.स. १०६०चा लेख आहे. ते देऊळ शिलाहार राजांच्या काळचं. रिक्षानं जाऊन दुपारी घरी येता येतं.

आणि घरातल्या भांड्यांबद्दल दोन शब्द. ज्या तांब्या-पितळेच्या भांड्यात शिजवणार असाल त्याला आतून कल्हई हवीच, आणि कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, कढी, चिंचेचं काही ठेवू नका. जी भांडी नुसती ठेवणीतली आहेत, ती मात्र दर सणाला चिंच-मीठ-रांगोळीनं घासघासून लखलखीत करायचा सोस नको. भांडं उजळतं, पण अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे.

एखाद्या रिकाम्या दुपारी माळ्यावरचं पोतं उतरवा. सासूबाईंना, आईला शेजारी बसवा. चिमूटभर पीठ घ्या आणि वाचा. मग काय ठेवायचं, काय द्यायचं ते खुशाल ठरवा.

त्या लहान तांब्यात आता रोज रात्री सासूबाईंच्या उशाशी पाणी असतं. भरून ठेवायचं काम धाकटीचं. ठेवताना ती आजीला त्या जुन्या नावानं हाक मारते आणि सासूबाई "ओ" देतात. ते नाव काय, हे मात्र मी इथे लिहिणार नाही. मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "छापू नकोस. ते तांब्यावर आहे तेवढं पुरे."